मारुती ८०० ची डोअर पॅडं घरी करायची आहेत. हार्डबोर्ड, प्लाय की आणखी काही?

खारेगावकर_८००

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९९ ची मारुती ८०० आहे. पांढरी, एमएच ०४. बाबा आता चालवत नाहीत, पण विकायचं नाव काढलं की पानावरून उठतात. त्यामुळे मीच चालवतो, खारेगाव ते वाशी, आठवड्यातून दोन-तीनदा. इंजिन ठणठणीत आहे, रजिस्ट्रेशन तिसऱ्यांदा वाढवून झालंय.

दारांची आतली पॅडं मात्र गेली. ड्रायव्हरच्या दाराचं पॅड खालून चहात बुडवलेल्या खारीसारखं झालंय, पापुद्रे सुटलेत. रेक्झिन लोंबतंय, उतरताना पँटला अडकतं. नऊपैकी तीन क्लिपा शिल्लक, बाकी कारभार पॅकिंग टेपवर. खाडीपुलावर जरा वेग घेतला की चारही दारं अशी टाळ वाजवतात की रेडिओ ऐकू येत नाही.

स्टेशनजवळच्या एका कुशनवाल्याने चार दारांचे ११,००० सांगितले, वर गाडी चार दिवस ठेवून जा म्हणाला. पैशांचं जाऊ द्या. २०१७ ला अशाच एका दुकानात (नाव घेत नाही) नवीन करून घेतली होती. दोन पावसाळे टिकली. म्हणून आता घरीच करावं म्हणतो.

माझ्याकडे ड्रिल आहे, हॅकसॉ ब्लेड आहे, स्टेपल गन आहे आणि आईचं उषा मशीन आहे. जागा म्हणजे वन बीएचकेची गॅलरी. विचारायचं एवढंच की आत पुठ्ठा कुठला घालू? यूट्यूबवर एक जण एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) म्हणतो, दुसरा प्लाय. फोम किती जाड घेऊ? पावसाला दीड महिना आहे, तोवर होईल का?


सेक्टर१९_ऐरोली

कुर्ल्याला सीएसटी रोडवर एक चक्कर मार. जुन्या गाड्यांचा माल मिळतो, पॅडंही मिळतील. अर्थात मिळतील तीही तुझ्याच वयाची, पंचवीस वर्षं पाऊस खाल्लेली. क्लिपा मात्र तिथूनच घे, डझनावारी. फुटतात.


फियाटवाला_नौपाडा

पुठ्ठ्याचं नंतर बघू. आधी सांग, पॅड काढून मागचं प्लास्टिक बघितलंस का?

माझी ओळख करून देतो म्हणजे हा म्हातारा कोण असं वाटायला नको. १९८७ ची प्रीमियर पद्मिनी, ९६ साली सेकंडहँड घेतली, अजून आहे. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये ३१ वर्षं काढली. या गाडीची पॅडं मी आजवर तीनदा केली. पहिली एमडीएफची, २००८ ला. कारपेंटरकडे तुकडे पडले होते, फुकट मिळाले. इतकी सुबक झाली होती की सोसायटीतली पोरं हात लावून बघायची. ऑगस्टमध्ये खालची कड बोटभर फुगली. मला वाटलं, एमडीएफच वाईट. (वाईट आहेच, पाण्याशी त्याचं जन्माचं वैर.) म्हणून दुसऱ्या खेपेला चांगला बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा, प्लाय आणला. तो फुगला नाही, पण दोन वर्षांत त्याच्यावरचा फोम काळा पडला आणि गाडीत असा कुबट वास की सौ. पुढे बसेना. तेव्हा कुठे अक्कल आली. पाणी येतंय कुठून ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता नीट वाच. काचेच्या बाहेरच्या अंगाला जी रबराची पट्टी असते ना, ती पाणी पूर्ण अडवत नाही, कुठल्याच गाडीत. काचेवरून ओघळलेलं थोडंफार पाणी दाराच्या पोटात उतरतंच. ते तसं उतरणार हे गाडी बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं, म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. पाणी आत येतं, तळाशी जातं, भोकातून बाहेर पडतं. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठमोठ्या खिडक्या कापलेल्या असतात, काचेचं मशीन वगैरे बसवायला. त्या खिडक्यांतून शिंतोडे पॅडच्या पाठीवर येऊ नयेत म्हणून मध्ये एक प्लास्टिकचा कागद डांबरासारख्या काळ्या चिकटपट्टीने लावलेला असतो. पॅडचं आयुष्य त्या कागदावर आहे. हार्डबोर्ड काय नि प्लाय काय, पुढची गोष्ट.

आणि नेमका तोच कागद आपले लोक काढून टाकतात. स्पीकर बसवायला दार उघडलं, फाडला. काचेचं मशीन दुरुस्त केलं, फाडला. परत कोण लावतो? तुझ्या कुशनवाल्याने २०१७ ला तो कागद टराटरा ओढून फेकला असणार, माझी पैज.

तेव्हा असं कर. या रविवारी फक्त ड्रायव्हरचं दार उघड. नवीन काही आणू नकोस.

आर्मरेस्टचे दोन स्क्रू, आतून दार उघडायच्या हँडलच्या वाटीचा एक. मग काच खाली-वर करायचं हँडल. याला स्क्रू शोधत बसू नकोस, नसतो. हँडलच्या मागे आणि प्लास्टिकच्या चकतीच्या पुढे एक फट दिसेल. त्या फटीत घोड्याच्या नालेसारखी एक तारेची क्लिप आहे. जुन्या बनियनची लांब पट्टी फाडून घे, ती फटीत खालून घाल, दोन टोकं दोन हातांत धर आणि बूट पॉलिश केल्यासारखी डावी-उजवी ओढ. क्लिपचं टोक कापडात अडकतं आणि ती सटकते. सटकते म्हणजे उडते. माझी एकदा उडून गटारात गेली आणि आठवडाभर मी काच पक्कडीने फिरवत होतो. तुझे दोन्ही हात पट्टीत अडकलेले असणार, म्हणून दार झाकेल असं फडकं कुणाला तरी पुढे धरायला सांग. आणि काढण्याआधी काच पूर्ण वर असताना हँडल कुठल्या दिशेला आहे त्याचा फोटो काढ, परत बसवताना कामाला येतो.

पॅड निघालं की वाकून तळाची भोकं बघ. मग काच वर करून बाहेरून काचेच्या मुळाशी तांब्याभर पाणी ओत. खालून धार लागली पाहिजे. नाही लागली तर भोकं बुजली आहेत. धूळ, पिंपळाची पानं, आणि कुणी कधी गाडीला खालून अँटीरस्ट मारून दिलं असेल तर त्याचा थर. स्क्रूड्रायव्हर खुपसू नकोस, रंग सोलतो आणि तिथूनच गंज धरतो. केबल बांधायचा नायलॉनचा टाय घाल आणि फिरव.

काय दिसलं ते इथे लिही. पुठ्ठ्याचं मग सांगतो.


खारेगावकर_८००

काका, दंडवत. पैज तुम्ही जिंकलात.

प्लास्टिक नाहीच! काळ्या पट्टीचे डाग आहेत पत्र्यावर, बाकी सफाचट. तळाच्या भोकांपैकी एकच उघडं होतं. टाय घालून फिरवला तर आतून जवळजवळ वाटीभर लाल चिखल आला, त्यात एक मेलेली गोम आणि २५ पैशांचं नाणं. तांब्या ओतला तर आता नळासारखं वाहतं. क्लिप उडाली, बाबांच्या चहात पडली. खोटं नाही सांगत, ते शेजारी खुर्ची टाकून देखरेख करत होते.

आता पुठ्ठा?


फियाटवाला_नौपाडा

गोम म्हणजे घर जुनं. छान.

आधी तो कागद. जांभळी नाक्याला प्लास्टिकवाल्यांकडे जाड पारदर्शक पॉलिथीन मीटरवर मिळतं, मेअखेरीस तर ढीग लागलेले असतात. चिकटवायला ब्युटाइल टेप घे, काळी, च्युइंगगमसारखी असते. नेहमीचं सोल्यूशन (फोम-रेक्झिनची रबरी चिकटवणी) पॉलिथीनला धरत नाही, उन्हाळ्यात आपोआप सुटून येतं. पत्रा आधी थिनरच्या फडक्याने पूस. आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मी स्वतः दोनदा चुकलो : कागदाची खालची कड पत्र्याच्या वरून चिकटवायची नाही. ती खालच्या खिडकीतून दाराच्या पोटात आत सारायची, पदर खोचतात तशी. म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी दाराच्या आतच पडतं. वरून चिकटवलीस तर कागदाची झोळी होते, पाणी साठतं आणि हळूच कडेने पॅडवर उतरतं. बाजूच्या दोन कोपऱ्यांत टेप तुटू देऊ नकोस, एकाच पट्टीने वळव.

पुठ्ठा : ८०० च्या दारासाठी ३ मिमी हार्डबोर्ड. मूळ पॅड तोच आहे, दार सपाट आहे, उगाच शहाणपणा नको. ऑइल टेंपर्ड (तेल मुरवून पक्का केलेला) मिळाला तर उत्तम. ८ बाय ४ चा पूर्ण शीट घे आणि दुकानातच ४ बाय २ चे चार तुकडे करून घे. एका तुकड्यात एक दार बसतं, जुनं पॅड मोजून खात्री कर. पूर्ण शीट रिक्षातून येत नाही, लिफ्टमध्ये जात नाही आणि तिसऱ्या मजल्यावर चढवताना सगळ्या बिल्डिंगला सल्ला द्यायचा असतो.

जुनं पॅड फेकू नकोस, कितीही खारी झालेलं असो. तेच तुझं टेंप्लेट. फुगलेली कड विश्वासाची नाही, तिथे दाराला जाड कागद धरून पेन्सिलीने आकार उतरव. डाव्या दाराचं उलटं करून उजव्याला वापरू नकोस. तत्त्वतः आरसा असतो. प्रत्यक्षात माझ्या गाडीत दोन भोकांमध्ये ४ मिमीचा फरक निघाला. टूलरूमवाल्याला ४ मिमी म्हणजे चार मैल.

कापायला जिगसॉ भाड्याने मिळतो, बारीक दाताचं ब्लेड लाव, रेघेवर मास्किंग टेप चिकटव म्हणजे कड उसवत नाही. क्लिपची भोकं मात्र सावकाश. ती गोल नसतात, कुलपाच्या भोकासारखी असतात : मोठ्या भोकातून क्लिपचं डोकं घालायचं आणि अरुंद खाचेत सरकवायचं. क्लिपच्या दोन चकत्यांच्या मध्ये बोर्ड बसतो. ती फट जेमतेम बोर्डाएवढीच. उद्या कुणी तुला ४ मिमीचा प्लाय गळ्यात मारला तर क्लिप त्यात सरकणारच नाही, मग मागून खाचेभोवती कानशीने घासत बस. मी बसलो होतो, ३८ क्लिपांसाठी.

कापून झालं की सगळ्या कडा पॉलिश पेपरने मार आणि मग बोर्डाला दोन्ही बाजूंनी ऑइल प्राइमर. कडांना दोन हात, भोकांच्या आतल्या अंगालासुद्धा, कानात तेल घालतात तसा ब्रश फिरवून. बोर्ड पाणी पितो तो कडेने, तोंडाने नव्हे. दोन दिवस वाळू दे. प्राइमर ओला असताना सोल्यूशन लावशील तर दोन्ही वर येतील.

फोम ५ मिमी. याहून जाड नको, आणि का ते ऐक, कारण दुसऱ्या खेपेला मी हौसेने १२ मिमीचा घातला होता. मर्सिडीज वाटत होती. मग काचेचं हँडल बसवायला घेतलं तर दांडीला असलेली क्लिपची खाच फोमच्या आतच राहिली. हँडल अर्धवट चढायचं आणि तिसऱ्या फेरीला हातात यायचं. दांडी काही लांब होत नाही. शेवटी हँडलपुरता गोल फोम ब्लेडने कोरून काढला, तो खड्डा कायम बेंबीसारखा दिसत राहिला.

फोमही कडेपर्यंत नेऊ नकोस, चारही बाजूंनी १० मिमी आत थांबव. कडेवर रेक्झिन दुमडल्यावर जाडी वाढते आणि दार लावताना बीडिंगला (चौकटीच्या रबराला) घासतं. महिनाभर घासलं की कड पांढरी पडते.

सोल्यूशन : उष्णता सहन करणारं घे, फेव्हिकॉलचं हीटएक्स मिळतं. सुतारकामाचा पांढरा फेव्हिकॉल इथे चालत नाही. मे महिन्यात उन्हात बंद ठेवलेल्या गाडीत आतलं तापमान सहज ५५-६० अंशांवर जातं, साधी चिकटवणी तिथे मऊ पडते आणि रेक्झिनला पुरीसारखे फुगे येतात. दोन्ही पृष्ठभागांना पातळ लाव, बोर्डाला आणि फोमला. मग थांब. दहा-पंधरा मिनिटं. बोट टेकवल्यावर चिकट लागलं पाहिजे पण बोटाला काही आलं नाही पाहिजे. तेव्हा लावायचं. आणि एकदा टेकलं की टेकलं, सरकत नाही, लग्नासारखं. म्हणून मध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेव, एका बाजूने जुळव आणि कागद हळूहळू ओढत पुढे जा.

गॅलरीत काम करतोयस तर सगळ्या खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि संध्याकाळी आईने देवापुढे दिवा लावायच्या आत डबा बंद. थट्टा नाही करत. त्या वाफा पेट घेतात.

आणि दीड महिन्याचं विचारलंस. पावसाळी दमट हवेत सोल्यूशन वाळताना वर पांढरट साय धरतं, हवेतलं बाष्प बसतं त्यावर. ते धरत नाही. जून उजाडायच्या आत चिकटवायचं काम संपव, नाहीतर सरळ ऑक्टोबरात कर.

स्टेपल गन आहे म्हणालास. पिना कुठल्या आहेत? ६ मिमीच्या असतील तर तीन मिमीच्या बोर्डातून आरपार येतील, रेक्झिनमधून टोचतील. ४ च्या घे, किंवा गनच नको. दुमड सोल्यूशनवर नीट बसते. दुमडीला ३० मिमी रेक्झिन ठेव. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर व्ही आकाराचे काप काढून टाक, आतल्या वळणावर नुसत्या चिरा दे. चीर कडेच्या ५ मिमी अलीकडे थांबली पाहिजे. पुढे गेली तर समोरून दिसते, आणि मग तीच एक दिसते.


बोर्डवाला_वागळे

काका, मजा आली वाचून. माझा साइनबोर्डचा धंदा आहे, म्हणून माझा पराक्रमही सांगून टाकतो.

माझ्या ओम्नीला मी सनपॅक लावलं होतं. तेच ते पोकळ नळ्यांचं प्लास्टिक, निवडणुकीचे बोर्ड करतात ते. म्हटलं, पाणी लागत नाही, गंजत नाही, फुगत नाही, गोडाऊनमध्ये ढीग पडलाय. वर मस्त करड्या रंगाचं रेक्झिन. एप्रिलपर्यंत एकदम झकास. मेमध्ये माजिवड्याच्या सिग्नलला उभा होतो, पाहुणे मागे बसलेले, आणि उजव्या दाराचं अख्खं रेक्झिन सालीसारखं सुटून खाली आलं. आतून एक उमेदवार हात जोडून हसतोय. पाहुण्यांनी विचारलं, कुठल्या पक्षात गेलास?

सनपॅक म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला सोल्यूशन धरत नाही. फोमशीट (पीव्हीसीची) गरम झाली की मऊ होते आणि क्लिपच्या खाचा फाटतात. एसीपीला (दोन ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिक असलेला बोर्ड) चिकटतं चांगलं, पण कापलेली कड सुरीसारखी असते आणि दार आपटलं की पत्र्यावर पत्रा वाजतो. धंद्यात तेच वापरतो तरी सांगतो, दाराला नको. एबीएसचा (टणक प्लास्टिकचा) २ मिमी शीट मिळाला तर तो खरोखर चांगला. पाणी पीत नाही, हीटगनने वळतो. फक्त सोल्यूशन पातळ हाताने लावा, जास्त झालं तर शीटच मऊ पडतो. पण ८०० साठी काकांचा हार्डबोर्ड स्वस्त आणि पुरेसा आहे.


सुईदोरा_नेरूळ

दादा, आईच्या मशीनवर रेक्झिन शिवायचा विचार असेल तर थोडं ऐका. मी नेरूळला घरून पिशव्या आणि पर्स शिवते, मशीन उषाचंच आहे, मोटर लावलेलं.

फोमसकट शिवायला जाऊ नका. घरगुती मशीन दोन पदरी पातळ रेक्झिन ओढतं, मध्ये फोम आला की टाका सुटतो. दोन रंग जोडायचे असतील तर आधी नुसतं रेक्झिन जोडून घ्या, मग ते फोमवर लावा. सुई १८ नंबर. टाका मोठा, ४ मिमी तरी. बारीक टाके घातले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि ओढल्यावर तिथेच फाटतं. दोरा पॉलिस्टरचा, सुती नको, ओल लागली की कुजतो. रेक्झिन पायाखाली चिकटून पुढे सरकत नाही, त्यासाठी मशीनच्या पायाला खालून मास्किंग टेप लावा किंवा रेक्झिनवर चिमूटभर टाल्कम पावडर टाका. टाचण्या अजिबात नकोत. कापडाचं भोक मिटतं, रेक्झिनचं मिटत नाही. मी कपडे वाळत घालायचे चिमटे लावते.

जोड उघडून दोन्ही बाजूंनी वरून एकेक टीप मारली की कंपनीसारखी डबल शिलाई दिसते. ती सरळ येण्यासाठी हात स्थिर लागतो. पहिली टीप तुकड्यावर मारून बघा. खरं तर पहिल्या पाच.

रेक्झिन घेताना "गाडीचं द्या" म्हणून मागा, सोफ्याचं स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. गाडीच्या आतल्या मालाला आगीचं मानक आहे, आयएस १५०६१. पन्ना ५४ इंचाचा असतो, चार दारांना तीन मीटर भरपूर, चुकायलाही उरेल.


सेक्टर१९_ऐरोली

हे सगळं वाचून माझ्या २०२१ च्या गाडीचं पॅड उघडायची खुमखुमी आलीये.


फियाटवाला_नौपाडा

नको उघडूस. साइड एअरबॅग असलेल्या काही गाड्यांत दाराच्या आत दाब मोजणारा सेन्सर असतो, धडक कळण्यासाठी. त्या दाराचं सील तुटलं की त्याचं गणित चुकू शकतं. नवीन गाडीचं पॅडही साच्यातलं, एकसंध. त्याच्यावर वरून कव्हर चढवणं वेगळं आणि नवीन बनवणं वेगळं. आमचे खेळ जुन्या गाड्यांचे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, त्या दिवशी दोन जणांनी मला फोन करून सांत्वन केलं. मी म्हटलं, माझी खाली उभी आहे, येऊन बघा.


खारेगावकर_८००

अपडेट, मे अखेर.

चारही झाली! काळं आणि विटकरी असं दोन रंगांत. शिवण ताईंनी सांगितली तशी, फक्त टाल्कम पावडर जरा जास्त पडली, गाडीत अजून बाळाच्या खोलीसारखा वास येतो. पहिल्या पाच नाही, पहिल्या अकरा टिपा वाकड्या आल्या. मग आईने मला उठवलं आणि स्वतः बसली. बाकीची शिलाई तिची आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो.

हार्डबोर्डचे चार तुकडे रिक्षात मांडीवर तिरके धरून आणले. रिक्षावाला कळवा नाक्यापर्यंत विचारत होता, पतंग करताय का म्हणून.

चुका : ड्रायव्हरच्या दाराला एक चीर पुढे गेली. काका म्हणाले तशी तीच एक दिसते. मागच्या उजव्या पॅडला एक क्लिपचं भोक ६ मिमी बाजूला पडलं, ते बुजवून नवीन पाडलं. स्टेपल गन कपाटात परत गेली. खर्च रेक्झिन, फोम, बोर्ड, सोल्यूशन, टेप, क्लिपा, जिगसॉचं दोन दिवसांचं भाडं धरून ४,६०० च्या आसपास. क्लिपा ५० आणल्या होत्या, ९ उरल्या.

बाबांनी सगळी दारं एकेकदा उघडून लावून बघितली. म्हणाले, आवाज बंद झाला. मग म्हणाले, काचेचं हँडल उलटं बसवलंयस. खरंच उलटं होतं. फोटो काढायचा राहिला होता.


फियाटवाला_नौपाडा

शिलाईचा जवळून फोटो टाक. आईंना नमस्कार सांग. हँडल काढायला परत बनियनची पट्टी, आणि चहा लांब ठेव.

पहिला पाऊस झाला की प्रत्येक पॅडच्या खालच्या कडेमागे वर्तमानपत्राची एक घडी सरकवून ठेव. रात्रभर गाडी पावसात राहू दे. सकाळी काढून बघ.


खारेगावकर_८००

काल रात्री दणकून पडला. ताज्या बातमीसाठी थेट पार्किंगमधून लिहितोय.

ड्रायव्हरचं दार : पेपर कोरडा, कडकडीत. त्याच्या मागचं : कोरडा. पुढचं डावं : कोरडा.

मागचं डावं : शब्दकोडं पूर्ण भिजलंय. बिजागरीकडचा कोपरा. तिथे टेप संपली होती म्हणून मी दोन तुकडे जोडले होते.

रविवारी उघडतो.